दुसऱ्याची मेंढी



पेसाह तोंडावर आला आहे. घरोघरी हगादाची पोथी बाहेर निघेल. 1874 साली पुण्यात छापलेल्या पोथीत हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आहे, आणि तिच्यातील चित्रात मात्झा करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. पुढे 1880 च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल मंडळींनी कीर्तनाची पद्धत स्वीकारली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पदांतून गायिली. पवित्र शास्त्राचा लोकजीवनावर प्रभाव पडतो म्हणजे काय, याचे याहून घरचे उदाहरण मला ठाऊक नाही. दूरदेशीची कथा आपल्या पूर्वजांनी आपल्या वेषात, आपल्या चालीवर स्वतःची करून घेतली.

पोथीही हेच करावयास सांगते. प्रत्येक पिढीतील प्रत्येकाने, मिसर देशातून आपण स्वतःच बाहेर पडलो असे मानावे, अशी तिची शिकवण आहे. ती आपण आनंदाने पाळतो. पीडिताच्या जागी उभे राहणे मनुष्यास जड जात नाही. ज्याला त्याला आपापला फारो सापडतो: कोणाचा वरिष्ठ, कोणाचा घरमालक, कोणाचा भाऊबंद.

परंतु शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील एक कथा आपणांस निराळ्या जागी उभे करते. दावीद राजाने उरीयाची पत्नी आपलीशी केली आणि उरीयास लढाईत मरणाच्या तोंडी दिले. तेव्हा नाथान नाबी राजाकडे आला व त्याने एक गाऱ्हाणे सांगितले. एका धनिकाकडे पुष्कळ गुरेमेंढरे होती. एका गरिबाजवळ लेकीसारखी वाढविलेली एकच मेंढी. धनिकाकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने आपले कळप राखून ती एकुलती मेंढी कापली. दावीद संतापला. असा मनुष्य मरणास पात्र आहे, असे तो म्हणाला. नाथानने सांगितले की तो मनुष्य राजा स्वतःच आहे.

येथे मनुष्यस्वभाव उघडा पडतो. दावीदाची न्यायबुद्धी जागी होती, पण दुसऱ्याच्या अंगणात. त्याचा मोठेपणा असा की त्याने नाथानावर राग न काढता आपले पाप मान्य केले. शास्त्रानेही आपल्या लाडक्या राजाची लाज झाकली नाही.

ज्या देशात आपण पोटासाठी आलो, तेथील लोकांसही ही कथा परकी नाही. कुराणशरीफाच्या साद या सुऱ्यात दोन वादी दावूदकडे येतात. एकाच्या 99 मेंढ्या, दुसऱ्याची एक, आणि तीही पहिल्यास हवी. निवाडा देताना आपलीच परीक्षा झाल्याचे दावूदच्या ध्यानी येते व तो क्षमा मागतो.

अबू धाबीच्या सादियात बेटावर 2023 पासून मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात उभी आहेत. तेथील सिनेगॉगला मोशे बेन मैमोन यांचे नाव आहे. दासांविषयीच्या नियमांच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे की कायदा कठोरपणे राबवून घेण्याची मुभा देत असला, तरी धर्मशील व शहाण्या माणसाने तसे करू नये. आपण खातो त्यातले दासास द्यावे, त्याच्यावर ओरडू नये, त्याची तक्रार शांतपणे ऐकून घ्यावी.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी स्वयंपाकास किंवा मुले सांभाळण्यास परमुलखातून आलेली बाई आहे. तीही आपल्यासारखीच समुद्र ओलांडून आली. आठवड्याची सुटी, वेळेवर हाती पडणारे वेतन, घरच्यांशी बोलावयास निवांत अर्धा तास, ही तिची एकुलती मेंढी. सेदेरच्या रात्री पाहुणे येतील, भांडी वाढतील, आणि आपण मुक्तीची गाणी म्हणत असताना आत स्वयंपाकघरात ती मेंढी कापली जाईल.

शब्बाथाची आज्ञा दासदासींनाही विश्रांती देते, आणि तोराच्या पाचव्या पुस्तकात तिचे कारण सांगितले आहे: तू स्वतः मिसरात दास होतास, हे आठव. कोकणात आपल्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. घाण्याबरोबर बैलही विसावत असे.

म्हणून यंदा प्रत्येक घराने काम करणाऱ्या माणसास सुटीचा दिवस आधी विचारावा, आणि सेदेरचे पाहुणे किती, हे त्यानंतर ठरवावे.

हाग सामेआह.