सरकारी आगबोट आणि डेकचा उतारू

बुलढाणा जिल्ह्यांतल्या माणसानें आगबोटीविषयीं बोलावें, हें ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांस हंसूं येईल. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाहीं. पूर्णा आणि पैनगंगा या आमच्या नद्या. उन्हाळ्यांत त्यांच्यांत उरलेल्या डोहांवर गुरें पाणी पितात, आणि पावसाळ्यांत पूर आला म्हणजे पलीकडच्या गांवचीं माणसें पलीकडेच राहतात. लोणारच्या सरोवराचें पाणी खारट आहे खरें, पण त्यावर कोणी गलबत हांकारल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. असें असतांहि आजच्या भाषणासाठीं मीं हा विषय निवडला, कारण मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगांव या आमच्या स्टेशनांवरून पिढ्यान्‌पिढ्या दोन प्रकारचे प्रवासी समुद्राकडे गेले आहेत. एक रुईच्या गांठी, आणि दुसरे हजचे यात्रेकरू. यांपैकीं पहिल्यांची वाट सरकारनें फार लवकर सोपी केली. दुसऱ्यांची वाट सोपी व्हावयास जवळ जवळ नव्वद वर्षें लागलीं. त्या वाटेची हकीगत आज आपणांस सांगावयाची आहे.

अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें. तेथला कापूस बंद पडतांच लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. १८६७ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोहोंचला. नोव्हेंबर १८६९ मध्यें सुएझचा कालवा खुला झाला, आणि त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनीं, म्हणजे मार्च १८७० मध्यें, जलंब ते खामगांव हा आठ मैलांचा फांटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्तें सुरू झाला. या फांट्याचें नांवच मुळीं ‘खामगांव स्टेट रेल्वे’ असें होतें. खामगांवच्या बाजारांतली गांठ लिव्हरपूलच्या धक्क्यावर वेळेवर पोहोंचावी, एवढ्यासाठीं सरकारनें तो बांधला.

त्याच रुळांवरून, त्याच बंदराकडे आमच्या गांवांतले वृद्ध मुसलमान हजला जात. मुंबई ते जेद्दा हें अंतर सुमारें २,३०० सागरी मैलांचें. गांठीचा विमा उतरलेला असे, पण या माणसांना मुंबईच्या धक्क्यावर पाऊल टाकल्यापासून कोणाचाच आधार नसे. दलाल तिकिटें विकत. बोट कधीं सुटेल तें कोणी सांगत नसे, आणि सुटली म्हणजे तींत जागेपेक्षां माणसें अधिक असत. १८८० सालच्या ऑगस्ट महिन्यांत ‘जेद्दा’ नांवाची बोट साडेनऊशांहून अधिक यात्रेकरू घेऊन सिंगापूरकडून येत असतां वादळांत सांपडली. तिचा कप्तान आणि गोरे अधिकारी उतारूंना तशाच बुडत्या बोटींत टाकून निघून गेले. एडनला पोहोंचून बोट बुडाल्याचें त्यांनीं सांगितलें, आणि दुसऱ्याच दिवशीं दुसऱ्या एका बोटीनें ओढून आणलेली ती ‘जेद्दा’ सगळ्या जिवंत माणसांसह एडनच्या बंदरांत येऊन उभी राहिली! या प्रसंगावरून पुढें जोसेफ कॉनरॅडनें ‘लॉर्ड जिम’ ही आपली कादंबरी रचली, हें आपणांपैकीं अनेकांस ठाऊक असेल.

अशा गोष्टींचा बोभाटा झाल्यावर सरकारला कांहीं तरी करणें भाग पडलें. १८८६ सालीं हिंदुस्थान सरकारनें यात्रेकरूंची व्यवस्था टॉमस कुक या सुप्रसिद्ध पेढीकडे सोंपविली. ती कांहीं वर्षें चालली आणि मोडली. १८९५ सालीं यात्रेकरूंच्या बोटींविषयीं स्वतंत्र कायदा झाला. तांबड्या समुद्रांत कामरान नांवाचें एक उजाड बेट आहे. तेथें १८८२ पासून यात्रेकरूंना उतरवून, त्यांचे कपडे वाफवून, त्यांना क्वारंटाइनमध्यें ठेवीत. म्हणजे नियम झाले, पाहारे झाले. पण बोटी मात्र ज्याच्या त्याच्या. भाडें किती घ्यावें, हें ज्याची बोट तोच ठरवी.

या धंद्यांत जी कंपनी पुढें सर्वांत मोठी झाली, तिचा जन्म १८७७ सालीं मुंबईंत ‘बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ या नांवानें झाला. पुढें ती टर्नर मॉरिसन या पेढीच्या व्यवस्थेखालीं गेली, आणि १९३८ मध्यें तिनें ‘मोगल लाइन’ हें नांव धारण केलें. त्याच सुमारास सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीनें ‘एल मदिना’ आणि ‘एल हिंद’ या दोन नव्या बोटी हजच्या मार्गावर आणल्या. दोन्ही कंपन्यांचें दरयुद्ध जुंपलें. भाडें इतकें खालीं आलें कीं यात्रेकरूंना आनंद वाटावा आणि हिशेबनिसाला झोंप येऊं नये. पण असा आनंद फार दिवस टिकत नसतो. दोन व्यापाऱ्यांच्या भांडणांतून मिळालेली सवलत तें भांडण मिटतांच नाहींशी होते. येथें तर भांडण मिटण्यापूर्वींच महायुद्ध आलें. ‘एल मदिना’ मार्च १९४४ मध्यें बंगालच्या उपसागरांत जपानी पाणबुडीला बळी पडली, आणि पुढच्याच महिन्यांत, १४ एप्रिल रोजीं, मुंबईच्या गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा जो भयंकर स्फोट झाला त्यांत ‘एल हिंद’ जळाली. त्या ‘फोर्ट स्टिकीन’ वर दारूगोळ्याच्या जोडीला कापसाच्या गांठी भरलेल्या होत्या, आणि आग लागली ती याच मालाच्या खणांत. कापूस आणि यात्रेकरू यांची गांठ अशी विपरीत रीतीनेंहि पडली.

स्वातंत्र्यानंतर जहाजांचा धंदा सरकारनें क्रमाक्रमानें हातीं घेतला. १९५० सालीं ईस्टर्न शिपिंग कॉर्पोरेशन आणि १९५६ सालीं वेस्टर्न शिपिंग कॉर्पोरेशन निघालें. २ ऑक्टोबर १९६१ रोजीं दोहोंचें मिळून शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया झालें. मोगल लाइनचेहि बहुतेक भाग साठाच्या दशकांत सरकारच्या मालकीचे झाले. गांठीसाठीं १८७० सालीं जें झालें, तें माणसासाठीं झालें तें हें असें.

याचा अर्थ काय झाला, तें एका घरगुती गोष्टीवरून सांगतों. माझे आजोबा खामगांवांत कापसाची अडत करीत. आमच्या आळींत एक पिंजारी राहत असे. दिवाळीनंतर गाद्या-रजयांचा हंगाम सरला म्हणजे तो उरलेली रक्कम आजोबांकडे आणून ठेवी, आणि आजोबा ती वहींत वेगळ्या पानावर मांडीत. दरसाल त्याचा प्रश्न एकच असे, “शेटजी, दोघांचं झालं का?” आणि आजोबांचें उत्तरहि ठरलेलें, “भाई, अजून एकाचंच झालं.” नातेवाईक म्हणत, तूं तरी जाऊन ये. तो म्हणे, जन्मभर धनुकलीखालचा कापूस दोघांनीं खाल्ला, मग पुण्य एकट्यानें कसें खावें? असें चार वर्षें चाललें. रक्कम जमल्यावर अर्ज केला, तों पहिल्या वर्षीं चिठ्ठींत नांव निघालें नाहीं; कारण बोटींतल्या जागांपेक्षां अर्ज अधिक असत. दुसऱ्या वर्षीं निघालें. दोन तिकिटें, दोन्हीं डेकचीं. जलंबला मुंबईच्या गाडींत बसतांना त्या जोडप्याजवळ तांदूळ, डाळ, लोणच्याची बरणी, एक पातेलें आणि स्वतःच्या कफनाचें कापड एवढें सामान होतें. सुमारें तीन महिन्यांनीं तीं दोघें परतलीं. झमझमचें पाणी आणि खजूर त्यांनीं साऱ्या आळींत वांटला. आमच्या आजीनें आपल्या वांट्याचें पाणी देवघराशेजारच्या कोनाड्यांत जपून ठेवलें होतें. आजोबांनीं विचारलें, “भाई, बोट कशी होती?” तो म्हणाला, “शेटजी, सगळ्यांत खालची जागा होती, गरम होतं, बायको चार दिवस उलट्या करीत होती. पण जागा आपली होती. कोणी उठ म्हटलं नाही.”

श्रोतेहो, सरकारी आगबोटीचें सारें महत्त्व मला या शेवटच्या वाक्यांत सांठवलेलें दिसतें.

आतां या धंद्याची दुसरी बाजू पाहूं, कारण केवळ भावनेनें जहाज चालत नाहीं. यात्रेकरूंची बोट जातांना भरलेली जाते आणि येतांना रिकामी येते. हज संपल्यावर ती रिकामी जाते आणि भरलेली येते. म्हणजे चार फेऱ्यांचा कोळसा किंवा तेल, आणि भाडें मात्र दोनच फेऱ्यांचें. शिवाय हजचा महिना चांद्रवर्षाप्रमाणें दरसाल दहा-अकरा दिवस मागें सरतो, त्यामुळें कांहीं वर्षें ऐन पावसाळ्यांतल्या तुफानांत जावें लागतें. उरलेल्या महिन्यांत एवढ्या मोठ्या उतारू बोटीला काम काय द्यावें, हा प्रश्न राहतोच.

सत्तराच्या दशकांत मोगल लाइनकडे आणखी एक काम आलें, तें कोंकणच्या उतारू बोटींचें. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटून बंदरें घेत घेत गोव्याकडे जाणाऱ्या बोटी पूर्वीं खासगी कंपन्यांच्या होत्या. तेथेंहि डेकच्या उतारूचीं दुःखें निराळीं नव्हतीं. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढी अमावास्येच्या दिवशीं, रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. स्वातंत्र्याला तेव्हां महिनाहि उरला नव्हता. पुढें ‘कोंकण सेवक’ आणि ‘कोंकण शक्ति’ या बोटी सरकारी कंपनीनें चालविल्या. पण ती सेवाहि पावसाळ्यांत बंद राही, आणि वर्षाचा खर्च मात्र बाराही महिने चाले.

जुन्या बोटी, वाढता खर्च आणि आकाशांतून जाणारीं विमानें यांच्यापुढें मोगल लाइनचें स्वतंत्र अस्तित्व टिकलें नाहीं. १९८६ मध्यें ती शिपिंग कॉर्पोरेशनमध्यें विलीन झाली. कोंकणच्या बोटी त्या दशकाच्या अखेरीस थांबल्या. आणि १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पूर्ण झाल्यावर त्यांची आठवण काढणारे केवळ वृद्ध उरले. हजचा सागरी मार्ग १९९५ मध्यें बंद झाला. त्यानंतर विमानाच्या भाड्यासाठीं सरकार अनुदान देत राहिलें, पण तें यात्रेकरूच्या हातांत पडत नसे. तिकिटांतूनच विमान कंपनीकडे वळतें होई. हज स्वतःच्या ऐपतीवर करावी असें धर्मशास्त्रच सांगतें, म्हणून अनेक मुसलमान पुढाऱ्यांनींहि तें अनुदान नको म्हटलें. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें दहा वर्षांत बंद करण्यास सांगितलें, आणि २०१८ मध्यें सरकारनें तें संपविलें. मला यांत तक्रारीस जागा दिसत नाहीं. मात्र दान आणि वाट या दोन वस्तु भिन्न आहेत. पिंजाऱ्यानें दान मागितलें नव्हतें. त्यानें आपलें भाडें आपल्या कष्टानें जमविलें होतें. त्याला हवी होती ती त्याच्या ऐपतींतली आणि कोणी हिरावून न घेणारी जागा.

तोटा झाला म्हणून सरकारी कंपनी फसली, असें म्हणणें सोपें आहे. तोटा झाला तरी ती चालवावयास हवी होती, असें म्हणणेंहि तितकेंच सोपें. मला वाटतें, हिशेब दोन्ही रकान्यांचा मांडावा. खामगांवच्या फांट्यावर सरकारनें जो पैसा घातला तो गांठीच्या भाड्यानें भरून निघाला कीं नाहीं, असें आज कोणी विचारीत नाहीं. त्यानें एक गांव जगाशीं जोडलें, हें आपण सहज मान्य करतों. मग ज्या बोटींनीं आमच्यासारख्या समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्यांतलीं माणसें लाटांवरून नेऊन सुखरूप परत आणलीं, त्यांच्या वहींत केवळ तोट्याचाच रकाना कां वाचावा?

आजोबांची ती वही घरांत आहे. पिंजाऱ्याच्या पानावरची शेवटची नोंद जमेची नाहीं, खर्चाची आहे: दोन उतारू, मुंबई ते जेद्दा, जाणें-येणें. त्याखालीं आजोबांनीं दोन रेघा मारून हिशेब पुरा केलेला आहे.