पानांची किंमत कोण मोजतो?

वृत्तपत्रविषयक धोरणाचा अभ्यास म्हणजे मंत्र्यांची भाषणे आणि कायद्याची कलमे वाचणे, असा समज आपल्या कार्यकर्त्यांतही रूढ आहे. तो किती अपुरा आहे, हे पुण्याच्या ‘सकाळ’च्या खटल्यावरून दिसेल. बडी वृत्तपत्रे जाहिरातींच्या बळावर थोड्या किमतीत अधिक पाने देतात आणि छोटी त्यात चिरडली जातात, म्हणून पानांच्या संख्येवर किंमत बांधून द्यावी, अशी शिफारस पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली केली. १९५६ साली कायदा झाला, १९६० साली आदेश निघाला आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला.

‘भांडवलशाहीचा विजय’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु न्यायालयात गेलेले हे पत्र देशव्यापी साखळीतले नव्हते. ते पुण्याचे मराठी दैनिक होते. आपल्याला अडचणीची असणारी ही गोष्ट टिपणात प्रथम लिहावी.

किंमत वाढविली तर खप घटेल, पाने घटविली तर मजकूर आक्रसेल, हा निकालातील युक्तिवाद मुळात अर्थशास्त्रीय आहे. म्हणजे तो तपासता येतो. वृत्तपत्र निबंधकांच्या वार्षिक अहवालांतून खपाचे आकडे काढा. जुन्या अंकांवर पट्टी ठेवून जाहिरातींनी व्यापलेली जागा मोजा. (काम कंटाळवाणे आहे, माझे विद्यार्थी त्यासाठी मला नावे ठेवीत.) ताळेबंद मिळाल्यास कागदाचा खर्च आणि विक्रीचे उत्पन्न शेजारी मांडा. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप झाला, त्या छोट्या पत्रांपैकी आपल्या जिल्ह्यातील कोणती कधी बंद पडली, याच्या यादीपासून प्रारंभ करा.