अपुऱ्या दिवसांचे अर्भक आणि आपली घरे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, कर्वेनगर येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी विषयाची निवड माझ्यावरच सोपविली, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. उभा जन्म शाळेत घालविलेल्या बाईने शिक्षणावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी एक नात जन्मास आली, ती दिवस पुरे होण्यापूर्वीच आली, आणि तिच्या पहिल्या दोन महिन्यांत मला जे शिकावे लागले ते आपल्या ज्ञातीतील प्रत्येक घराने ऐकावे असे माझ्या मनाने घेतले. बाळंतपण ही सभेत बोलावयाची गोष्ट नव्हे, असे कोणास वाटेल. पण ज्या गोष्टी माजघराबाहेर बोलल्या जात नाहीत, त्यांच्यामुळेच पुष्कळदा घरावर संकट येते.

शिवाय ज्या भूमीवर आपण आज जमलो आहो, तिचाही या विषयाशी संबंध आहे. हे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि १९०० साली त्याचे बिऱ्हाड या माळावरील एका झोपडीत आणले. स्त्रीच्या आयुष्याचा विचार चारचौघांत, उजळ माथ्याने करावयाचा, हा या मातीचा संस्कार आहे. त्या आधीची एक हकीकत आपण सर्वजण जाणता. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, हे शल्य त्या मुलीच्या मनात राहिले. त्यातूनच ती १८८३ साली अमेरिकेस गेली, १८८६ साली डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारली. आनंदीबाईंच्या पदवीचे कौतुक आपण करतो. त्या दहा दिवसांच्या बाळाची आठवण मात्र क्वचितच काढतो.

ते दहा दिवस आजही तितकेच नाजूक आहेत. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात जी बालके दगावतात, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. आपल्या पूर्वजांनी पाचवी आणि सटवी पुजण्याची, त्या रात्री जागून काढण्याची रीत घातली, ती काही उगाच नव्हे. सटवाई ललाटी लेख लिहिते ही श्रद्धा झाली. पण याच रात्री मूल हातचे जाते, हा अनुभव तिच्यामागे होता असे मला वाटते. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे होणारा धनुर्वात हे त्याचे एक मोठे कारण. २०१५ साली आपला देश माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताच्या उच्चाटनाच्या कसोटीस उतरला. ही केवढी मोठी गोष्ट आहे! परंतु तिचा उत्सव कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. माझी कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, येथे कर्वेनगरात आली होती. तेहतिसावा आठवडा संपतो न संपतो तोच तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, वजन एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम. मूल रडले, पण श्वास घेताना त्याच्या बरगड्यांत खळगे पडू लागले, म्हणून डॉक्टरांनी त्यास तत्काळ अतिदक्षता विभागात नेले. आईला तिचे तोंड पाहावयास मिळाले ते दुसऱ्या दिवशी. पेढ्यांचा पुडा कपाटात तसाच राहिला. शेजारी विचारीत, ‘‘काय झाले?’’ आणि आम्हांस काय सांगावे ते कळत नसे. अशा वेळी आनंद करावा की न करावा, हा पेच ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्यालाच कळेल. अखेर यजमान म्हणाले, ‘‘नात झाली आहे. पेढे वाटायचे.’’ आणि ते स्वतः पुडा घेऊन गल्लीत गेले.

जावईबापू त्याच रात्री नाशिकहून विहीणबाईंना घेऊन आले. विहीणबाई अनुभवी, पाच मुलांचे संगोपन केलेल्या. त्यांनी येताना मधाची बाटली आणि गुटीची पुरचुंडी आणली होती. ‘‘ताई,’’ त्या मला म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे मूल जन्मले की आधी मधाचे बोट चाटवतात. एवढेही करायचे नाही म्हणजे काय?’’ त्यांच्या शब्दांत दुराग्रह नव्हता, माया होती. आणि मायेला नाही म्हणणे फार कठीण. डॉक्टरीणबाईंनी त्यांना जवळ बसवून घेतले आणि सांगितले की मधात एका जातीच्या जंतूंची बीजे असू शकतात, मोठ्यांच्या पोटात ती निरुपद्रवी ठरतात, पण वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यात ती रुजतात आणि त्यांच्या विषाने अंग लुळे पडते. सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही नाही. गुटी नाही, पाणीही नाही. विहीणबाईंनी बाटली पिशवीत परत ठेवली. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हेही मी सांगितले पाहिजे.

पहिल्या दुधाविषयी, म्हणजे चिकाविषयी, आपल्यांत अजूनही किंतु आहे. ते पिवळसर, दाट असते म्हणून काही घरांत पिळून टाकीत. वास्तविक रोगाशी झुंजण्याची शक्ती बाळास त्या चार थेंबांतूनच मिळते. आमच्या नातीस ओढण्याची ताकद नव्हती. तेव्हा तिची आई दर दोन-तीन तासांनी दूध काढून देई आणि ते नळीवाटे पोटात जाई. ज्या मातेस दूध येत नाही तिच्या बाळासाठी दुग्धपेढ्या आहेत. आशिया खंडातील पहिली अशी पेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नाने निघाली. रक्तदानाची शिबिरे आपले मंडळ भरविते. हे दान मात्र आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर कधी आलेले नाही.

तिसऱ्या दिवशी कावीळ दिसू लागली. नवजात बालकाचे यकृत कच्चे असते, रक्तातील पिवळे द्रव्य त्यास पुरेसे बाहेर टाकता येत नाही. पूर्ण दिवसांच्या मुलांनाही थोडी कावीळ होतेच. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मात्र ते द्रव्य वाढून मेंदूस इजा करण्याचे भय असते. तिला निळ्या प्रकाशाखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवले. काचेपलीकडे ते उघडे, निळे दिसणारे इवलेसे अंग पाहून माझ्या लेकीने भिंतीकडे तोंड फिरविले. त्या प्रकाशाचा शोध कसा लागला ते मी नंतर वाचले. इंग्लंडात एसेक्समधील रॉचफर्ड रुग्णालयात वॉर्ड नावाच्या एक परिचारिका होत्या. त्या बाळांना उन्हात अंगणात नेत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक मूल दाखविले: त्याचे अंग फिकट झाले होते, पण चादरीने झाकलेला तेवढा तुकडा पिवळा राहिला होता. त्यावरून पुढे डॉ. क्रीमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाचा उपचार सिद्ध केला. एका परिचारिकेच्या नजरेने जगातील किती मुले वाचली असतील! म्हणून कोणी असे समजू नये की कोवळ्या उन्हात धरले की काम भागले. घरचे ऊन पुरेसेही नसते आणि लहानगे गारठते. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत दिसलेली, तळपायापर्यंत उतरलेली, किंवा दोन आठवड्यांनंतरही न गेलेली कावीळ त्वरित दाखवावी. आणि मुलाची शी पांढुरकी होऊ लागली तर एक दिवसही दवडू नये. पित्ताचा मार्ग बंद असल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्याची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर अधिक उपयोगाची.

दोन दिवसांनी दिवे काढले. वजन मात्र उतरून दीड किलोवर आले होते. आणि मग डॉक्टरीणबाईंनी सांगितले की आता हिला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायचे, कांगारू आपले पिलू ठेवते तसे. आई थकली तर बापाने. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरी डॉ. एडगर रे यांनी उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून ही रीत सुरू केली. पुढे आपल्या देशासह पाच देशांत तिची कसोटी झाली आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जन्मतःच तिचा अवलंब केल्याने अशा बालकांचे मृत्यू चतुर्थांशाने घटले. गरिबीतून निघालेली युक्ती श्रीमंत देशांनीही उचलली.

पण आमच्या घरी त्यातून निराळाच प्रसंग उभा राहिला. सोळाव्या दिवशी बाळ घरी आले, आणि जावईबापू, सासुरवाडीस, सदरा काढून, छातीशी मूल बांधून तासन्‌तास आरामखुर्चीत बसू लागले. आल्या-गेल्यांसमोर विहीणबाईंना अगदी मेल्याहून मेल्यासारखे होई. ‘‘बायकांचे काम पुरुषाने, तेही सासरी!’’ असे त्या पुटपुटत. चार दिवसांनी वजन करून पाहिले ते शंभर ग्रॅमने वाढले होते. दुसऱ्या दिवशी त्याच विहीणबाई मला म्हणाल्या, ‘‘ताई, मुलगा जरा झोपू दे. दार लावून घ्या, मी घेते तिला.’’ त्या दुपारी सत्तर वर्षांच्या त्या बाईच्या छातीशी ती मुलगी तीन तास निजली होती.

जुन्या रीतींबद्दल मी येथे सरसकट काही म्हणणार नाही. त्यांतील काही उत्तम आहेत. सोयर हे विटाळ म्हणून मला पटत नाही, परंतु दहा दिवस परक्यांनी बाळास हात लावू नये, हा त्याचा परिणाम रोगापासून संरक्षणच करतो. आम्ही तो दोन महिने पाळला आणि बारसे पुढे ढकलले, त्याबद्दल आप्तांचे टोमणे ऐकले. आमच्या घरचे चांदीचे बोंडले डॉक्टरांना फारच पसंत पडले. रोज उकळून घ्यावे आणि दूध त्याने पाजावे, बाटली नको, असे त्यांनी सांगितले. उलट वेखंड-ओव्याची धुरी कच्च्या फुप्फुसांस घातक, काजळात शिसे असू शकते, आणि नाकाकानांत तेल सोडणे तर सर्वस्वी वर्ज्य. ऊब हवी, धूर नको. पोट गरम आणि पाऊल गार लागले की बाळास थंडी वाजते आहे, एवढी खूण प्रत्येक आजीने ध्यानात ठेवावी.

एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छिते, कारण ती मलाही ठाऊक नव्हती. दोन किलोंहून कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलाचे डोळे महिन्याच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे लागतात. डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या अखेरच्या आठवड्यांत वाढतात; मूल आधी जन्मले की त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढून काढू शकतात. १९४० नंतरच्या दशकात पाश्चात्य देशांत, पेटीतील अतिरिक्त प्राणवायूमुळे, वाचविलेली मुले याच रोगाने अंध झाली. बाहेरून डोळा निर्मळ दिसतो आणि वेळ निघून जाते. वेळीच कळले तर लेसर किरणांनी तो थोपविता येतो. आमच्या नातीच्या पहिल्या तपासणीत रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी निघाली. पुन्हा पंधरा दिवसांनी बोलाविले. ते पंधरा दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. दुसऱ्या खेपेस डॉक्टर म्हणाले, ‘‘वाढ नीट चालली आहे,’’ आणि कानांची तपासणीही निर्दोष निघाली.

हे सारे पुण्यासारख्या शहरात आम्हांस मिळाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी एकोणचाळीस गावांतील साध्या शिकलेल्या बायकांना अर्भकाचे वजन, श्वास, ऊब पाहावयास शिकविले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे बासष्ट टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते जगापुढे आले. तेथे यंत्रे नव्हती. कोणीतरी रोज घरी येऊन पाहत होते.

तेव्हा कार्यकारी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. मंडळाने अर्भकांचे वजन करण्याचे दोन अचूक काटे विकत घ्यावेत आणि ज्या घरी लहानग्या वजनाचे मूल आले असेल तेथे ते विनामूल्य द्यावेत; घर कोणत्या ज्ञातीचे हे विचारू नये. ज्या भगिनींना या प्रसंगाचा अनुभव आहे त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे नोंदवावीत आणि आठवड्यातून दोन वेळा त्या घरी जाऊन तासभर बसावे, म्हणजे बाळंतिणीस झोप मिळेल. आपल्या कार्यालयातील जिन्याखालची खोली, जेथे सध्या मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत, ती रिकामी करून मातांना पाजण्यासाठी द्यावी. पहिल्या काट्याची रक्कम माझी आणि विहीणबाईंची मिळून आहे. पाकीट मी अध्यक्षांकडे दिले आहे. माझे नाव पहिले लिहून घ्यावे. मंगळवार आणि शुक्रवार मला सोयीचे आहेत.