पायऱ्यांसकट उत्तर



 गणित अध्यापकांच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून मी एकच विषय घेणार आहे : संगणकाकडून बीजगणित करून घेणं. नुसती आकडेमोड नव्हे. अक्षरं अक्षरंच ठेवून अवयव पाडायचे, अवकलन-समाकलन करायचं, समीकरणं सोडवायची आणि उत्तर दशांशात नाही, नेमकं मिळवायचं.

शार्ल देलोने या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं चंद्राच्या गतीची सूत्रं हातानं मांडली. त्यात वीस वर्षं गेली. त्या कामाचे दोन जाडजूड खंड १८६० आणि १८६७ साली निघाले. पुढं शंभरेक वर्षांनी, १९७०मध्ये, आंद्रे देप्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत तेच काम संगणकाकडून करून घेतलं. त्याला सुमारे वीस तास लागले. देलोनेंच्या गणितात तीन चुका सापडल्या, त्यातल्या दोन पहिलीतूनच उद्भवलेल्या. ही गोष्ट संगणकाच्या वेगाचं कौतुक म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. देलोनेंनी आपली मांडणी पायरीपायरीनं छापली होती, म्हणून चूक नेमकी कुठं शिरली ते शतकानंतरही दाखवता आलं.

आपण उत्तरपत्रिका तपासताना काय करतो? उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या नसतील तर गुण कापतो. संगणकाच्या उत्तराला मात्र आपण ही अट घालत नाही. ती घातली पाहिजे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

कारण या पायऱ्यांतच खरं गणित आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या ग्रंथातलं एक उदाहरण घेऊ. दोन बहुपदी, एक आठव्या घाताची, दुसरी सहाव्या. सहगुणक अगदी लहान, सर्वांत मोठा २१. त्यांचा मसावि काढायचा. युक्लिडची भागाकाराची रीत आपण सगळेच शिकवतो. अपूर्णांक टाळत ती सरळ चालवली, तर शेवटच्या बाकीत ३५ अंकी संख्या येते. आणि एवढा खटाटोप करून निष्कर्ष काय, तर मसावि १! उत्तर इवलंसं आणि वाटेत आकड्यांचा डोंगर. या शाखेतली ही जुनी डोकेदुखी आहे. कॉलिन्स आणि ब्राउन यांच्यासारख्या संशोधकांनी १९७०च्या आसपास तिच्यावर उपाय काढले. त्यातला एक असा : सगळे सहगुणक १३नं भागा आणि फक्त बाक्यांवर काम करा. कुठलीही संख्या १२च्या वर जात नाही आणि मसावि १ असल्याचं कागदाच्या अर्ध्या पानात सिद्ध होतं.

मसावि १ नसेल, तर अनेक मूळ संख्या घेऊन प्रत्येकीच्या बाक्या काढाव्या लागतात आणि त्यांवरून मूळचे सहगुणक पुन्हा जुळवावे लागतात. अमुक भाजकानं भागल्यावर ही बाकी, तमुक भाजकानं भागल्यावर ती, तर संख्या कोणती? ४९९ सालच्या ‘आर्यभटीया’तला कुट्टक हाच प्रश्न सोडवतो. अभिमान मिरवायला मी हे सांगत नाही. कुट्टक इतिहासाच्या तासाला उरकण्याऐवजी प्रोग्रॅम लिहून शिकवा, असं माझं सांगणं आहे.

गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर हयातभर असंच काहीसं सांगत आले. बैजिक भूमिती अमूर्ततेच्या वाटेनं वेगानं पुढं जात असताना, शाळेतल्या बीजगणिताची ताकद अजून संपलेली नाही, हे त्यांनी ठासून मांडलं. बहुपदी प्रत्यक्ष हाताळा, निरसन करा, उत्तर काढून दाखवा, हा त्यांचा आग्रह. पर्ड्यू विद्यापीठात गणिताबरोबर संगणकशास्त्र आणि औद्योगिक अभियांत्रिकीतही ते प्राध्यापक होते. पुण्यात १९७६ साली त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं. हा वारसा आपल्या दाराशी आहे.

आता सॉफ्टवेअरकडे वळतो. ‘सिम्पाय’ ही पायथनमधली मुक्त प्रणाली आहे. एखादं समाकलन तिला जमलं नाही, तर ती ते जसंच्या तसं परत करते. पण रॉबर्ट रिश यांनी १९६९मध्ये मांडलेल्या रीतीवर आधारलेलं तिच्यातलं फलन वापरलं, तर काही वेळा ती वेगळ्या नावाचं उत्तर देते : नेहमीच्या फलनांत हे समाकलन मांडताच येत नाही. ‘मला जमलं नाही’ आणि ‘कुणालाच जमणार नाही’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिली कबुली, दुसरं प्रमेय. आत कोणती रीत चालली हे दिसलं, तरच प्रमेयावर विश्वास ठेवता येतो.

आखेन इथं ‘गॅप’ ही गटसिद्धांताची प्रणाली उभी करणारे योआखिम नॉयब्यूझर हेच बजावत असत. सायलोचं प्रमेय सिद्धतेसह ग्रंथालयात वाचता येतं आणि ते वापरायला कुणी पैसे मागत नाही, मग प्रोग्रॅमला वेगळा न्याय का? टेक्सासमधले गणिती विल्यम शेल्टर यांनी एमआयटीच्या ‘मॅकसिमा’ (Macsyma) या जुन्या प्रणालीची ‘मॅक्सिमा’ (Maxima) ही आवृत्ती १९८२पासून जिवंत ठेवली, १९९८मध्ये ती मुक्त परवान्याखाली देण्याची संमती मिळवली आणि २००१मध्ये ते गेले. आज ती कुठल्याही गावातल्या महाविद्यालयात फुकट उतरवून घेता येते. अशा माणसांच्या कामाला शोधनिबंधाइतका मान मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘सिम्पाय’मध्ये भारतातल्या कित्येक विद्यार्थ्यांनी ‘गूगल समर ऑफ कोड’ या मुक्त सॉफ्टवेअर लिहिण्याच्या उपक्रमातून भर घातली आहे. म्हणजे मुलांची तयारी आहे, अडलंय ते आपल्याकडे. म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर असलेल्या मित्रांकडे माझी मागणी आहे. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यानं मुक्त प्रणालीतलं एक फलन निवडावं, त्यामागची रीत सिद्धतेसह समजून घ्यावी, त्यातला एखादा दोष दुरुस्त करावा किंवा त्याची माहिती मराठीत लिहावी, आणि हे काम प्रबंध म्हणून पूर्ण गुणांनिशी स्वीकारलं जावं. असा ठराव उद्याच्या खुल्या सत्रात मांडायचं ठरलं, तर त्याचा मसुदा मी आज रात्रीच लिहून देतो. पहिल्या तुकडीला मार्गदर्शन करण्याची जबाबदारीही मी घेतो.