सहा गावं, एक व्हिकर

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडंसं संपादित करून)



संयोजकांनी आधी मला एआयवर बोलशील का, असं विचारलं होतं. मी म्हटलं, त्यावर तुमच्या घरातली बारावीतली मुलंसुद्धा माझ्याइतकंच बोलतील. त्यापेक्षा मी राहते त्या गावाबद्दल बोलते. इंग्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लंडन येतं, पण मी राहते ते एक खेडं आहे. वाँटेज नावाच्या छोट्या शहरापासून काही मैलांवर. वाँटेज हे नाव इथल्या काही जणांनी वाचलं असेल. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा तिथल्या सिस्टरांच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आमच्या आजूबाजूला अशी सहा गावं आहेत. प्रत्येक गावात एक जुनं दगडी चर्च आहे. आमच्या चर्चची सर्वांत जुनी भिंत तेराव्या शतकातली, म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या काळातली. चर्च सहा, पण व्हिकर, म्हणजे पाळक, एकच. त्या बाई आहेत. चर्च ऑफ इंग्लंडने बायकांना धर्मगुरूपदाची दीक्षा द्यायला १९९४ साली सुरुवात केली. रविवारी त्या छोट्या गाडीतून एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये पळत असतात. त्यामुळे या रविवारी कुठल्या गावात किती वाजता प्रार्थना, याचं वेळापत्रक एसटीच्या वेळापत्रकासारखं दारात लावावं लागतं.

पूर्वी असं नव्हतं. जवळपास प्रत्येक गावाला आपापला पाद्री असे. त्याला राहायला मोठं घर, कसायला जमीन आणि गावाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा. आपल्याकडच्या वतनासारखंच म्हणा. पुढे शेतीवर यंत्रं आली, मजूर शहरात गेले, दशमांश बंद झाला, पाद्री होणारेही कमी झाले. मग दुसऱ्या महायुद्धानंतर गावांचे गट करायला सुरुवात झाली. पाद्र्यांची मोठी घरं विकली गेली. आज आमच्या भागात 'ओल्ड रेक्टरी' अशी पाटी दिसली की आत लंडनला नोकरी करणारं श्रीमंत कुटुंब राहतं, असं खुशाल समजावं.

चर्च ऑफ इंग्लंड हा तिथला अधिकृत धर्म. राजा त्याचा प्रमुख. म्हणून मला वाटायचं, सगळा खर्च सरकार करत असेल. तसं नाही. गावच्या पाद्र्याचा पगार सरकार देत नाही. गावाने दरवर्षी आपला वाटा बिशपच्या कार्यालयाकडे भरायचा, त्यातून पगार होतात. छप्पर गळलं तर ते गावाने बघायचं. दर पाच वर्षांनी आर्किटेक्टकडून इमारतीची तपासणी करून घ्यायची, हा १९५५ पासूनचा नियम. इमारत जुनी आणि संरक्षित, त्यामुळे साधा बाक हलवायचा तरी परवानगी लागते. त्यात वटवाघळं! ती रात्रभर आत घाण करतात, पण कायद्याने त्यांनाही संरक्षण आहे. म्हणून रविवारी सकाळी कुणीतरी आधी जाऊन बाक पुसून घेतं.

हे 'कुणीतरी' कोण, हाच आजचा माझा विषय आहे.

प्रत्येक चर्चला दोन चर्चवॉर्डन असतात. मराठीत विश्वस्त म्हणता येईल, पण त्यांच्याकडे कागदांपेक्षा किल्ल्याच जास्त असतात. हे पद कित्येक शतकं जुनं आहे आणि त्याला दमडीही मिळत नाही. एके काळी हद्दीतला सगळाच कारभार चर्चच्या सभेत चाले. १५३८ साली बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांची नोंद ठेवण्याचा हुकूम निघाला, म्हणून तिथली माणसं आपली पिढीजात माहिती चर्चच्या वह्यांत शोधतात, जशी आपण त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत शोधतो. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारीही हद्दीवर टाकली. १८९४ साली वेगळ्या पॅरिश कौन्सिल, म्हणजे ग्रामपंचायती, आल्या, तेव्हा कुठे चर्चचा आणि गावाचा कारभार वेगळा झाला.

पण त्या जुन्या व्यवस्थेचा एक धागा अजून शिल्लक आहे आणि मला तो फार विलक्षण वाटतो. वॉर्डन निवडायची जी वार्षिक सभा असते, तिच्यात फक्त चर्चला जाणाऱ्यांनाच मत असतं असं नाही. त्या हद्दीत राहणारा आणि मतदारयादीत नाव असणारा कुणीही तिथे मत देऊ शकतो. हिंदू, मुसलमान, देव न मानणारा, कुणीही. चर्चभोवतीच्या दफनभूमीत जागा शिल्लक असेल, तर हद्दीत राहणाऱ्याला तिथे दफन होण्याचाही हक्क असतो, धर्म कुठलाही असो. म्हणजे तुम्ही चर्चला आपलं मानत नसाल, तरी चर्च तुम्हाला आपल्या हद्दीतलं माणूस मानतं.

मला हे बरेच दिवस माहीत नव्हतं. गावात राहायला आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं माझा गावाशी संबंध म्हणजे 'आज हवा छान आहे' आणि 'आज पाऊस फार आहे', एवढाच. इंग्रज शेजारी वाईट नसतो, पण तो आपण होऊन दार वाजवत नाही. दिवसाला दोनच बस, दुकान बंद पडलेलं, पब बंद पडण्याच्या वाटेवर. माणसं भेटायची तरी कुठे? भेटण्याची एकच जागा उरली होती, चर्च. तिथे गुरुवारी सकाळी चहा-कॉफी आणि घरचा केक असतो. घरून काम करायच्या दिवशी मी एकदा तासभर गेले आणि जात राहिले.

आईला फोनवर सांगितलं, तर ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "चहापुरतीच जातेस ना?" मला हसू आलं. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्तापर्यंत जावं लागलं होतं. आईच्या त्या एका प्रश्नात शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास होता. मी म्हटलं, "चहा आणि घंटा."

घंटेचं सांगते, कारण त्यात आपल्या गणिताच्या तासाचा संबंध आहे. इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटांवर गाणं वाजवत नाहीत. प्रत्येक घंटा मोठ्या चाकाला बांधलेली असते. दोर ओढला की ती पूर्ण गोल फिरते. जड असल्यामुळे तिची गती फार बदलता येत नाही, म्हणून एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जाताना ती फार तर एक जागा पुढे किंवा मागे सरकू शकते. खेळ असा, की घंटांचे जेवढे वेगवेगळे क्रम होतात ते वाजवायचे आणि एकही क्रम दोनदा येऊ द्यायचा नाही. सहा घंटांचे ७२० क्रम होतात. सातांचे ५,०४०, त्याला तीनेक तास लागतात. आठांचे ४०,३२०. एवढे सगळे १९६३ साली लफबरोच्या घंटा ओतण्याच्या कारखान्यात एकदा वाजवले गेले. आठ जणांना न थांबता जवळजवळ अठरा तास लागले.

शेजारच्या दोनांची अदलाबदल करत सगळे क्रम काढण्याची जी रीत आम्ही इंजिनिअरिंगला अल्गोरिदम म्हणून शिकलो, ती संगणकासाठी १९६० च्या दशकात मांडली गेली. इंग्लंडमधल्या घंटावाल्यांना ती सतराव्या शतकात माहीत होती. आणि बरं का, पुण्यातल्या पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात ज्या आठ घंटा आहेत, त्याही लफबरोच्या त्याच टेलर कारखान्यातल्या.

आमच्या सहांपैकी एकाही गावात सहा घंटावाले नाहीत. म्हणून सगळ्या गावांचा मिळून एकच संघ आहे आणि तो आळीपाळीने प्रत्येक मनोऱ्यात जातो. त्यात एक सुतार आहे, एक शाळेतली मुलगी आहे, एक निवृत्त डॉक्टर आहेत ते देव मानत नाहीत, आणि मी आहे. घंटा वाजवून झाली की डॉक्टर प्रार्थनेला न थांबता घरी जातात. कुणी काही म्हणत नाही.

आता त्या सभेबद्दल. सहांतलं सर्वांत लहान गाव आमचं. दोन्ही वॉर्डन ऐंशीच्या घरातले. एका वसंतात दोघांनीही सांगितलं, आता आमच्याने शिडी चढवत नाही. नवीन कुणी नाव दिलं नाही. वॉर्डन नाहीत, पैसे नाहीत, रविवारी आठ-दहाच माणसं, अशा वेळी चर्च बंद करण्याची कायदेशीर प्रक्रिया सुरू होऊ शकते. मग ती इमारत विकली जाऊन तिचं राहतं घर होतं, किंवा नशीब असेल तर १९६९ साली स्थापन झालेला एक ट्रस्ट ती सांभाळतो. अशी साडेतीनशेहून अधिक चर्च त्यांच्याकडे आहेत. इमारत जपली जाते, पण गावाचं तिथलं येणं-जाणं संपतं.

सभेच्या दिवशी चर्च भरलं होतं. नाताळलाही न येणारी माणसं आली होती. भांडणंही झाली. एक जण म्हणाले, "इतकी वर्षं पाय ठेवला नाहीत, आज कुठून उगवलात?" दुसरे म्हणाले, "माझे आई-वडील बाहेरच्या अंगणात आहेत." कुणी म्हणालं, छपराच्या खर्चात गावातल्या तरुण जोडप्यांसाठी काही करता आलं असतं. तेही खोटं नव्हतं, कारण गावात जन्मलेल्या मुलांना आज तिथे घर परवडत नाही.

मी मागच्या बाकावर बसले होते. आपण यात बोलावं का, हे मला कळत नव्हतं. मी ख्रिश्चन नाही. इंग्रजांच्या चर्चचं काय करायचं हे ठरवायला मी कोण? मला मत देता येतं, पण वॉर्डन होता येत नाही, कारण त्यासाठी बाप्तिस्मा झालेला असावा लागतो. व्हिकरबाईंनी नियम वाचून दाखवला आणि पुढे एवढंच म्हणाल्या, "हद्दीतले सगळे." मला आपल्या गावची जत्रा आठवली. जत्रेची वर्गणी मागायला येणारा, तुम्ही देवळात किती वेळा येता, हे विचारत नाही. घर गावात आहे ना, मग पावती फाडतो. मी उठून विचारलं, "वॉर्डन नेमकं काय काय करतात, त्याची यादी कुणाकडे आहे का?" यादी कुणाकडेच नव्हती. तिथेच बसून आम्ही ती केली. दार उघडणं, दार लावणं, गवत कापणं, हिशेब, विमा, पन्हाळी साफ करणं, फुलं, वटवाघळं. तेवीस कामं निघाली. त्यातल्या फार थोड्या कामांना बाप्तिस्मा लागत होता.

मग हात वर व्हायला लागले. गवत सुतारांनी घेतलं. हिशेब डॉक्टरांनी. पाळ्यांचं वेळापत्रक आणि बिलं मी. सगळ्यांत शेवटी गोठा असलेल्या एक बाई उठल्या. नाताळ, ईस्टर आणि अधूनमधून येणाऱ्या. म्हणाल्या, "वॉर्डन मी होते. पण गाईंच्या धारेच्या वेळी मीटिंग ठेवायची नाही." दुसरी जागा जुन्यांपैकी एकांनी आणखी एका वर्षासाठी सांभाळली. मतदान झालं, मीही हात वर केला.

यापुढे ते चर्च टिकेलच, असं मी सांगू शकत नाही. आता तिथे दर रविवारी प्रार्थना नसते. मुख्य सणांना, लग्नांना, अंत्यविधींना असते आणि गुरुवारचा चहा असतो. हेरफर्डशायरमधल्या यारपोल गावाने तर चर्चच्या आतच गावाचं दुकान थाटलं आहे, प्रार्थनाही तिथेच चालते. आमच्याकडेही तसं करायचं का, यावर सध्या जोरदार वाद आहेत. वाद आहेत म्हणजे माणसं येतात, एवढं खरं.

नोव्हेंबरमध्ये महायुद्धात गेलेल्यांची नावं तिथे वाचतात. गाव एवढंसं, नावं चौदा, त्यातली तीन एकाच आडनावाची. गेल्या वर्षी ती मला वाचायला सांगितली. त्या घराण्याचं गावात आज कुणी नाही. ती नावं माझ्या मराठी उच्चारात वाचली गेली आणि दोन मिनिटं सगळे उभे राहिलो.

माजी विद्यार्थी संघाची वार्षिक सभा उद्या सकाळी दहाला आहे. खजिनदार आणि ग्रंथालय समिती, दोन्ही जागा रिकाम्या आहेत, असं बाईंनी मला सकाळी सांगितलं. मी परदेशात असते, त्यामुळे गवत कापायला येऊ शकणार नाही, पण ग्रंथालयाची सूची संगणकावर करण्याचं काम माझ्याकडे द्या. बाकीची यादी आपण उद्या करू. आता मात्र चहा थंड होतोय.