बंद पडणारी ॲप्स आणि उपायांचा क्रम



२०२१ सालच्या २२ मार्चला अँड्रॉइड स्मार्टफोन वापरणाऱ्या असंख्य लोकांवर असा प्रसंग गुदरला की, जीमेलसारखी नित्याच्या वापरातील ॲप्स उघडताक्षणीच बंद पडू लागली. आणि ज्यांनी ती काढून पुन्हा बसविली त्यांचे श्रम वाया गेले, कारण दोष होता तो ॲप्सना स्वतःच्या आत वेबपृष्ठे दाखविण्याची सोय पुरविणाऱ्या ‘वेबव्ह्यू’ नामक सामायिक घटकात. गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोम यांच्या सुधारित आवृत्त्या प्रसृत केल्या व त्या प्ले स्टोअरवरून घेतल्यावर तक्रार मिटली.

हा दाखला आरंभीच देण्याचे कारण असे की, चित्रपट, मालिका वा क्रिकेटचा सामना पाहताना ॲप वारंवार क्रॅश होत असेल, तर उपायाआधी तपास झाला पाहिजे, हेच मला आज आग्रहाने सांगावयाचे आहे. एकच ॲप बंद पडते की अनेक? उघडताच पडते, की चित्र सुरू होऊन काही काळ लोटल्यावर? अनेक ॲप्स एकदम पडू लागली तर संशय फोनच्या प्रणालीवर अथवा वेबव्ह्यूवर घ्यावा. एकच पडत असेल तर प्रथम त्याची नवी आवृत्ती आली आहे काय ते पाहावे.

चित्र सुरू झाल्यावर पडणाऱ्या ॲपचे मूळ पुष्कळदा स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, टंचाईत असते. १०८० पिक्सेल दर्जाच्या चित्राची प्रत्येक चौकट पडद्यासाठी उलगडली म्हणजे तिला सुमारे ३ मेगाबाइट जागा लागते, अशा चौकटी सेकंदाला २४ किंवा अधिक येतात, आणि त्यांतील कित्येक एकाच वेळी हाताशी ठेवाव्या लागतात. त्यातच पुढील भागाचा साठा, उपशीर्षके आणि ॲपचा स्वतःचा पसारा यांची भर पडते. रॅम अपुरी पडू लागली की अँड्रॉइड आधी पार्श्वभूमीतील ॲप्स बंद करते, आणि टंचाई विकोपास गेली तर पडद्यावर चालू असलेल्या ॲपचीही गय होत नाही. दोनतीन गिगाबाइट रॅमच्या फोनवर म्हणूनच चित्राचा दर्जा ४८० पर्यंत उतरविणे, अन्य ॲप्स मिटविणे आणि फोन एकवार बंद करून चालू करणे, ही अगदी साधी तजवीज अनेकदा पुरेशी ठरते. ‘फोन वेगवान करतो’ अशी ग्वाही देणारी ॲप्स मात्र घेऊ नयेत. तीही त्याच अपुऱ्या स्मृतीत वाटेकरी होतात.

ॲप उघडताच पडत असेल, तर त्याने जमविलेला तात्पुरता साठा बिघडलेला असण्याचा संभव असतो. येथे माझी विनंती आहे की, सेटिंग्जमधील दोन बटणांतला भेद नीट ध्यानी घ्यावा. ‘कॅशे साफ करा’ हे निरुपद्रवी आहे, कारण तो साठा ॲप पुन्हा निर्माण करते. ‘स्टोरेज साफ करा’ म्हटल्यावर मात्र लॉगिन जाते आणि प्रवासासाठी उतरवून ठेवलेले चित्रपटही जातात. आयफोनवर २०१७ सालच्या आयओएस ११ पासून ‘ऑफलोड’ची सोय आहे, परंतु तीत ॲप जाते आणि त्याची माहिती राहते; तेव्हा माहितीच बिघडली असेल तर ॲप समूळ काढून पुन्हा घ्यावे लागते. फोनची प्रणाली फार जुनी असल्यास ॲपची नवी आवृत्ती मिळतच नाही. अशा वेळी परक्या ठिकाणाहून तिची फाइल आणून बसविण्याच्या मोहात कोणीही पडू नये, कारण तिच्या सचोटीला जामीन कोण राहणार?

एवढे करूनही ॲप पडत राहिले, तर प्ले स्टोअरवर त्याच्या पानावरच निर्मात्याचा ईमेल पत्ता दिलेला असतो. तेथे फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आणि ॲपची आवृत्ती, तसेच ॲप नेमके कोणत्या क्षणी बंद पडते, हे लिहून कळवावे. ‘चालत नाही’ एवढ्याच मजकुराच्या फिर्यादीवरून निर्मात्याला काहीही शोधता येत नाही.

आणि दुकानदाराने ‘रिसेट मारून देतो’ असे म्हटले, तर फोन त्याच्या स्वाधीन करू नका. फॅक्टरी रिसेटने फोनमधील छायाचित्रे, संदेश, सारेच पुसले जाते. एका ॲपसाठी एवढी किंमत मोजावयाची नसते. तो उपाय शेवटचाच, आणि तोही संपूर्ण बॅकअप घेऊन तो उघडून पाहिल्यानंतरच. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना एवढे अवश्य सांगून ठेवा, ही माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.