गाडीचा पीळ



हाताशी पंचा किंवा टॉवेल असेल तर तो दोन्ही टोकांना घट्ट धरा. दोन्ही मुठी एकदम पुढे फिरवा. कापड नुसते फिरेल, पीळ बसणार नाही. आता उजवी मूठ पुढे आणि डावी मागे फिरवा. कापड पिळले जाईल, त्याचा ताण मनगटांना जाणवेल. आज मी ज्या भागाबद्दल बोलणार आहे, त्याचे काम नेमके हेच.

त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. कोणी अँटी-रोल बार म्हणते, कोणी स्वे बार. स्प्रिंग स्टीलची एक कांब, दोन्ही टोकांना वाकवलेली. मधला आडवा भाग रबरी बुशांमध्ये बसवून चासीला धरलेला असतो आणि टोके लिंकने डाव्या-उजव्या चाकांच्या बाजूला जोडलेली असतात. दोन्ही चाके स्पीडब्रेकरवर एकदम चढली, तर कांब बुशात नुसती फिरते. वळणावर मात्र गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तिकडची स्प्रिंग दबते, आतली मोकळी होते. मग कांबेला पीळ बसतो आणि त्या पिळाचा जोर गाडीला सरळ धरतो. या कल्पनेचे पेटंट कॅनडात १९१९ साली घेतले गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला असा बार नव्हता, कडक पाट्यांवरच तिचे भागत असे. आजच्या थार गाडीला मात्र पुढे आणि मागे, दोन्हीकडे तो कंपनीतूनच येतो.

रसायनीत बसून मी हे का सांगतो आहे? आमचे गाव कारखान्यांचे. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स इथे आली, पाताळगंगेच्या काठाने औद्योगिक वसाहत वाढली. मोहोपाड्याहून निघाले की दांड फाट्याला जुना मुंबई-पुणे महामार्ग लागतो, पुढे चौक, खालापूर, खोपोली आणि बोरघाट. दुसरीकडे वाशिवली, आणि तिच्या पाठीशी माणिकगड. त्यामुळे इथल्या पोरांची गाडी सोमवारी घाटातली वळणे घेते आणि रविवारी ओढ्यातल्या धोंड्यांवर चढते. या दोन कामांना बारकडून जे हवे असते, ते एकमेकांच्या अगदी उलट असते. बार बदलायला निघालेल्यांपैकी फार थोड्यांना हे कोणी सांगितलेले असते.

गेल्या दिवाळीनंतर शेजारचा एक मुलगा आला. गाडी त्याने शहरातल्या एका दुकानातून दोन इंच उचलून आणली होती. म्हणाला, "काका, घाटात फार झुलतेय. जाड बार बसवू का?"

"आणि रविवारी कुठे जातोस?"

"ओढ्यात. तिथं तर चाकच उचललं जातं, एका जागी फिरत राहतं."

मी त्याला म्हटले, जाड बार बसवलास तर घाटातले झुलणे कमी होईल, पण ओढ्यातले चाक आणखी वर उचलले जाईल. कारण हिशेब असा आहे. कांबेचा कडकपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वीस मिलिमीटरच्या जागी बावीसची कांब घातली, तर हाताला फरक कळणारही नाही, पण कडकपणा ४६ टक्क्यांनी वाढतो. चोवीसची घातली, तर तो दुपटीहून जास्त होतो. ओढ्यात एक चाक धोंड्यावर आणि दुसरे खड्ड्यात असते. खड्ड्यातल्या चाकाने खाली लोंबावे, जमीन शोधावी, अशी आपली इच्छा असते. कडक बार त्याला वर ओढून धरतो. चाक हवेत राहिले की साधा डिफरन्शियल नेमकी तिथेच ताकद वाया घालवतो, आणि जमिनीवरचे चाक नुसते उभे राहते.

एका रविवारी त्याच्याबरोबर गेलो. ओढ्याच्या अलीकडे गाडी सपाटीवर उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले आणि पुढच्या दोन्ही लिंक सोडल्या. नट फिरवताना लिंकचा गोळाही बरोबर फिरतो, म्हणून मध्ये ॲलन की धरावी लागते. मातीने जाम झालेला डावीकडचा नट सुटायला वीस मिनिटे गेली. सुटलेली टोके ब्रेकच्या नळीला किंवा टायरला लागू नयेत म्हणून वर बांधून ठेवली. मग त्याच धोंड्यावर गाडी घातली. पुढचे उजवे चाक चढले आणि डावे हळूहळू खाली उतरत गेले, ओल्या वाळूला टेकले आणि तिथेच दाबून बसले. मागच्या वेळी जिथे चाक फिरत राहिले होते, तिथून गाडी पहिल्या गिअरमध्ये गपचूप बाहेर आली. तो मुलगा बराच वेळ त्या वाळूतल्या खुणेकडे बघत होता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दोन्हीकडे चालवायच्या गाडीला जाड बार नको. कंपनीचा बार ठेवा आणि पुढच्या बाजूला पटकन सुटणारी, पिन ओढून मोकळी होणारी लिंक बसवा. जीप कंपनीने रँग्लर रुबिकॉनमध्ये हीच सोय बटणावर दिली आहे. ही गाडी २०२१ पासून आपल्या रांजणगावात जुळवली जाते. बटण दाबले की पुढचा बार सुटतो, आणि वेग ताशी सुमारे २९ किलोमीटरच्या वर गेला की तो आपोआप जोडला जातो. सुटलेल्या बारने किती वेगापर्यंत जावे, हे त्या आकड्यावरून ओळखा. घाटात लिंक न जोडता उतरणे म्हणजे जिवाशी खेळ.

त्या मुलाची गाडी घाटात झुलत होती, त्याचे कारण वेगळेच निघाले. गाडी दोन इंच उचलली, पण लिंक जुन्याच मापाच्या ठेवल्या. बारची टोके खाली ओढली गेली, सगळा कोन बिघडला. त्यातून एका बाजूचा बुश फाटलेला. म्हणजे बार होता, पण त्याचा जोर चाकापर्यंत नीट पोचत नव्हता. योग्य लांबीच्या लिंक आणि नवे बुश घातल्यावर झुलणे पुष्कळ कमी झाले. नवा बार घेण्याआधी तुम्हीही एवढे करा. दोन्ही चाके स्पीडब्रेकरवरून एकदम न्या, मग एकच चाक न्या. एका चाकाला टकटक आवाज आला आणि दोन्हींना आला नाही, तर आधी लिंक आणि बुश तपासा. मघाचा पंचा आठवा: पीळ बसतो तेव्हाच ढिला सांधा बोलतो.

आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगतो. कोणी साधी लोखंडी सळई वाकवून, वेल्डिंग करून बार करून देतो म्हणाला, तर घेऊ नका. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. या कांबेचा पीळ मात्र वळण संपताच पूर्ण उतरायला हवा. त्यासाठीच तिला स्प्रिंग स्टील आणि त्यावरची उष्णता-प्रक्रिया लागते. वेल्डिंगच्या उष्णतेने ती प्रक्रिया मारली जाते आणि पुढे तडा बहुधा तिथेच जातो.

कायद्याचेही लक्षात ठेवा. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने करता येत नाही, आणि नियमबाह्य बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी उचलणे, मोठे टायर, वेगळे सस्पेन्शन, काहीही करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. जंगलाच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. आणि ज्या ओढ्यावर वाडीतल्या बाया पाणी भरतात, त्यात चाक घालू नका.

येत्या रविवारी जाणार असाल, तर परतताना डांबरी रस्ता लागण्याआधी थांबा. दोन्ही लिंक जोडा, दोन्ही पिना हाताने ओढून पाहा, आणि मगच दांड फाट्याकडे वळा.